पिकअप बदलण्याआधी या चुका टाळा

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज पातळ वाटला, की पहिला संशय पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या चुंबक-कॉइलच्या भागावर येतो आणि नवा मागवला जातो. त्याआधी पिकअपची उंची मोजा. स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीच्या गिटारवर तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि पिकअपच्या चुंबकापासून तारेपर्यंतचं अंतर बघा. साध्या सिंगल कॉइलसाठी (एकाच कॉइलचा पिकअप) जाड तारेकडे सुमारे २.४ आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर, ही फेंडरची शिफारस. दणका वाढावा म्हणून पिकअप फार वर घेतला तर चुंबक तारेलाच ओढतो. वरच्या फ्रेट्सवर जाड तारांचा सूर डगमगतो. मग लोक तासन्‌तास इंटोनेशन लावत, म्हणजे ब्रिजवर तारेची लांबी कमी-जास्त करून सूर जुळवत बसतात. ते लागणार नाही, कारण दोष ब्रिजचा नाहीच.

पिकअपच्या रोधाचा किलो-ओहममधला आकडा बघून खरेदी करणं ही दुसरी खोड. रोध म्हणजे ताकद नव्हे. कॉइलसाठी ४२ ऐवजी ४३ गेजची बारीक तार घेतली, की तेवढ्याच वेढ्यांत रोध वाढतो. शिवाय चुंबक कोणता आहे हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. मल्टिमीटरचा खरा उपयोग कॉइल तुटलीय का हे बघण्यापुरता.

सिंगल कॉइल थोडी गुणगुणणारच. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे. उलट वाढली तर जॅकवरच्या (केबल खुपसायच्या जागेच्या) वायरी अदलाबदल झाल्या आहेत का बघा. घरातल्या सॉकेटचं अर्थिंगही तपासून घ्या. आपल्याकडे तिसरं भोक असतं, त्यामागे वायर असेलच असं नाही.

एवढं करूनही बदलायचाच असेल, तर हमबकरला (दोन कॉइलचा पिकअप) ५०० के (किलो-ओहम) आणि सिंगल कॉइलला २५० केचे पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे बदलते रोधक लावायची रीत आहे. जुन्या २५० केवर हमबकर जोडला तर तो दबका वाजतो आणि शिव्या पिकअपला बसतात. वायरींचे रंग अंदाजाने जोडू नका: सेमूर डंकनमध्ये सिग्नलची वायर काळी, डिमार्झिओत लाल. दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र लावले आणि दोन्ही चालू असताना आवाज नाकातून आल्यासारखा पोकळ वाटला, तर फेज उलटी आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडतायत. एकाच पिकअपच्या वायरी उलटवा. मात्र त्याचं धातूचं कव्हर ग्राउंडला जोडलेलं असेल, तर ती जोडणी आधी वेगळी करा.

तारा चढवण्याआधी अॅम्प हळू आवाजात लावून प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवा. स्विचच्या प्रत्येक जागी, चालू असलेल्या पिकअपवर ‘टक’ ऐकू आलं पाहिजे.