ग्वाल्हेरात सरदारी वाडा विकत घ्यायचाय? आधी हे बघा
लष्कर भागात, गोठींमधून (सरदारांच्या जुन्या वस्त्यांमधून) फिरताना जुना वाडा दिसला की जीव भुलतो, पण बयाणा देऊ नका लगेच. आधी वारस मोजा, एक पुण्यात, एक अमेरिकेत, त्यातल्या एकाची सही राहिली तर पुढे कोर्ट ठरलेलंच. मग तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) वकिलाकडून काढून घ्या, नगर निगमात नामांतरण (मालक म्हणून नोंद) कुणाच्या नावावर आहे तेही बघा, आणि जुने भाडेकरू असतील तर तो विषय सौद्याआधीच मिटवा. किल्ल्याजवळ असेल तर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरात नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरात परवानगी लागते, दुरुस्तीलाही. सागवानी तुळयांना वाळवी आहे का ते सुताराला ठोकून बघायला सांगा (रंग नवा असेल तर जास्तच!). आणि चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासू नका, ओल आतच कोंडते नि प्लास्टर फुगून पडतं.