टॅरोतला ‘हँग्ड मॅन’ कसा वाचावा

टॅरोच्या रीडिंगमध्ये, म्हणजे प्रश्न विचारून चित्रांचे पत्ते काढून त्यांचा अर्थ लावताना, ‘हँग्ड मॅन’ हा पत्ता निघाला की समोरच्याचा चेहरा उतरतो. मराठीत बरेच जण त्याला सरळ ‘फाशी गेलेला माणूस’ म्हणून मोकळे होतात, आणि पुढचं सगळं रीडिंग त्या एका शब्दाने बिघडतं. पत्ता नीट बघा. दोर गळ्यात नाही, एका पायाच्या घोट्याला आहे. माणूस जिवंत आहे आणि चेहऱ्यावर वेदना नाही. त्यामुळे पहिली दुरुस्ती नावाची करायची: हा ‘उलटा टांगलेला’ माणूस.

त्याग, थांबणं, समर्पण, वेगळ्या नजरेने बघणं असे चार अर्थ या पत्त्याखाली पाठ केले जातात. अडचण अशी की एका रीडिंगमध्ये चारही लागू पडत नाहीत. त्यातला कुठला घ्यायचा हे एका प्रश्नावर ठरतं: हे टांगून राहणं कोणी निवडलं? त्या माणसाने स्वतः, की दुसऱ्या कोणी त्याला टांगलं? पुढे जे काही करायचं ते याचं उत्तर काढण्यासाठी.

पत्ता सुलट आहे की उलट

हे हास्यास्पद वाटेल, पण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. सुलट पत्त्यात माणूस उलटा असतो, आणि पत्ता उलट आला की माणूस सरळ उभा दिसतो. घाईत नजर माणसावर जाते आणि उलट पत्ता सुलट समजून वाचला जातो. माणसाकडे बघू नका, आकड्याकडे बघा. रायडर-वेट डेकमध्ये (डेक म्हणजे पत्त्यांचा संच) रोमन बारा वर आणि नाव खाली असेल, तर पत्ता सुलट.

दुसरी चूक पत्ता उघडताना होते. तो खालच्या कडेने उचलून वर पलटला तर सुलट पत्ता उलट होतो. पुस्तकाचं पान उलटतो तसा डावीकडून उजवीकडे उघडायचा, प्रत्येक वेळी त्याच पद्धतीने.

अर्थ आठवण्याआधी चित्राचं वर्णन

दोन मिनिटं पत्त्याचा अर्थ मनात आणू नका. फक्त जे दिसतं ते मोठ्याने बोला. रायडर-वेट डेक 1909 साली लंडनमध्ये निघाला. आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यात दिसतं ते असं: इंग्रजी ‘टी’च्या आकाराचं लाकूड, पण वाळकं नाही, त्याला पानं आहेत. निळा अंगरखा, लाल तंग विजार, पिवळे जोडे. एक पाय बांधलेला, दुसरा गुडघ्यात दुमडून त्याच्यामागे आडवा. डोक्याभोवती प्रभावळ. दोन्ही हात पाठीमागे.

हात बांधलेले आहेत की त्याने आपणहून मागे घेतले आहेत, हे चित्रात दिसत नाही. नवशिक्या वाचकाने या पत्त्यावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवावी. निवड कोणाची, हा प्रश्न चित्राने स्वतःच उघडा ठेवला आहे. समोरच्याला पत्ता दाखवून विचारा, “याचे हात बांधलेत असं वाटतं का?” येणारं उत्तर पुस्तकातल्या दहा अर्थांपेक्षा उपयोगी असतं.

डेक बदलला की अर्थही थोडा सरकतो. मार्सेय या फ्रेंच पद्धतीच्या जुन्या डेकमध्ये प्रभावळ नाही, पानं नाहीत. फांद्या छाटलेल्या दोन खोडांमध्ये माणूस टांगलेला आहे. मुळात टॅरो हा पंधराव्या शतकातला उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ. त्या काळी तिथे गद्दारांची, कर्जबुडव्यांची एका पायाने टांगलेली चित्रं भर चौकात भिंतीवर रंगवून त्यांची बेअब्रू करत. या पत्त्यालाही इटलीत ‘गद्दार’ असं नाव होतं. म्हणजे तेव्हाचा बघणारा यात साधूपुरुष बघत नव्हता, शिक्षा बघत होता. 1781 मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने हा पत्ता म्हणजे सावधपणाची मूर्ती असून पत्ते छापणाऱ्याने ती चुकून उलटी केली, असं मांडलं. पुढे गूढविद्येच्या मंडळींनी त्याला पाणी हे तत्त्व दिलं आणि वेट यांनी प्रभावळ चढवली. आज सांगितला जाणारा शांत, ध्यानस्थ अर्थ या शेवटच्या टप्प्यातला आहे. मार्सेय डेक हातात असेल तर तो अर्थ ओढूनताणून आणू नये. तिथे ‘अडकवलं जाणं’ जास्त बोलतं.

मराठी माणसाला हे चित्र पाहून त्रिशंकू आठवतोच. आठवू द्या, फक्त फरक धरून ठेवा. विश्वामित्राने वर पाठवलं, इंद्राने खाली ढकललं, आणि दोघांच्या ओढाताणीत त्रिशंकू मधेच डोकं खाली करून राहिला. त्याची ती अवस्था त्याने निवडलेली नव्हती. वेट यांच्या पत्त्यातला माणूस शांत आहे. रीडिंगमधला माणूस या दोघांपैकी कोणाच्या जवळ आहे, ते तपासायचं आहे.

प्रश्न घट्ट बांधा

“माझं काय होईल?” या प्रश्नावर हा पत्ता निघाला तर त्यातून काहीच निघत नाही. “कधी?” या प्रश्नावर तर आणखी वाईट: पत्त्याचा आकडा 12, म्हणून 12 दिवस, 12 आठवडे की 12 महिने, असा खेळ सुरू होतो. आकड्यावरून मुदत काढायला काही आधार नाही. साडेसातीही यात ओढू नका. ती वेगळी पद्धत आहे, आणि दोन्हीची भेळ केली की घाबरवणारं वाक्य तयार होतं. मुदत प्रश्नातच घाला. “येत्या 6 आठवड्यांत जागेच्या व्यवहाराबाबत मी कसं वागावं?” असा प्रश्न असेल तर ‘हँग्ड मॅन’ स्पष्ट बोलतो: 6 आठवडे सही करू नका, कागद दुसऱ्या नजरेने वाचा.

स्प्रेडमधली जागा

स्प्रेड म्हणजे पत्त्यांची मांडणी, तिच्यातल्या प्रत्येक जागेला आधीच एक अर्थ दिलेला असतो. भूतकाळाच्या जागी आला तर थांबण्याचा काळ सरला, त्यातून काय उमगलं ते विचारा. सल्ल्याच्या जागी आला तर मुद्दाम थांबा. अडथळ्याच्या जागी आला तर अर्थ जवळजवळ उलटा होतो: थांबण्याची सवय हाच अडथळा आहे. “देवाच्या मनात असेल तेव्हा होईल” म्हणत काम टाळणारा माणूस इथे सापडतो. सल्ला आणि अडथळा या दोन जागा उघडण्याआधीच कागदावर लिहून ठेवा. नाहीतर पत्ता बघून आपण सोयीची जागा देतो.

शेजारचे पत्ते

निवड कोणाची, याचं उत्तर बहुतेक वेळा शेजारी मिळतं. ‘फोर ऑफ स्वोर्ड्स’ बाजूला असेल, तर हे ठरवून घेतलेलं थांबणं आहे. त्या पत्त्यातला सरदार हात जोडून निजलेला आहे. ‘सेव्हन ऑफ पेंटॅकल्स’मधला तरुण काठीवर रेलून झाडाला लागलेल्या नाण्यांकडे बघतो, म्हणजे पेरलेलं उगवायला वेळ लागतोय, कोणी अडवलेलं नाही.

‘एट ऑफ स्वोर्ड्स’ आला की कान टवकारा. डोळ्यांना पट्टी, हात बांधलेले, भोवती तलवारी. इथे ‘हँग्ड मॅन’ निवडीचा राहत नाही. पण त्या बाईचे पाय मोकळे आहेत, हेही सांगायला विसरू नका. ‘डेव्हिल’ शेजारी असेल तर कोणाचा तरी ताबा, किंवा सवयीचा. ‘टेन ऑफ वाँड्स’ असेल तर दुसऱ्यांचं ओझं ‘माझं कर्तव्य’ म्हणून वाहणं.

एक उदाहरण. प्रश्न: नोकरी सोडून येत्या 3 महिन्यांत स्वतःचे क्लासेस सुरू करावेत का? परिस्थिती: ‘एट ऑफ पेंटॅकल्स’. सल्ला: ‘हँग्ड मॅन’. पुढची दिशा: ‘एस ऑफ वाँड्स’. पहिल्या पत्त्यात कारागीर एकेक नाणं घडवत बसलाय, म्हणजे कौशल्य अजून घडतंय. तिसऱ्यात पालवी फुटलेली काठी आहे, आणि मधल्या पत्त्याच्या लाकडालाही पानं आहेत. वाक्य असं होतं: “सुरुवात होण्यासारखी आहे, पण या 3 महिन्यांत नोकरी सोडू नका, आठवड्यातले दोन दिवस शिकवून बघा आणि शिक्षक म्हणून नाही तर पालकाच्या नजरेने फी, जागा, वेळ तपासा.” बघा, ‘हो’ किंवा ‘नाही’ कुठेच आलं नाही. इथे समाधान होत नाही म्हणून चौथा, पाचवा पत्ता काढत बसू नका. अर्थ वाढत नाही, फक्त आपल्याला हवा तो पत्ता येईपर्यंत वेळ जातो.

उलट आला तर

साधारण दोन शक्यता. एक, थांबण्याचा काळ संपत आलाय, माणूस पायावर उभा राहतोय. दुसरी, थांबण्यात काही अर्थच उरलेला नाही, नुसतं भिजत घोंगडं पडलंय. वेट यांनी उलट बाजूला स्वार्थ आणि गर्दी असे अर्थ दिले आहेत. गर्दीचा अर्थ वापरायचा तर “सगळे म्हणतात म्हणून” घेतलेल्या निर्णयांसाठी. कुठली शक्यता, ते पत्त्यावरून ओळखू येत नाही. समोरच्याला विचारा: गेल्या महिन्याभरात या बाबतीत एक तरी नवी गोष्ट कळली का? कळली असेल तर पहिली, नसेल तर दुसरी.

‘त्याग’ हा शब्द जपून

या पत्त्यावर सर्वांत मोठं नुकसान याच शब्दाने होतं. आपल्याकडे घरात त्याग कोणी करायचा हे आधीच ठरलेलं असतं, आणि बहुतेकदा ती बाई असते. सासरी छळ होतोय, नवरा मारतो, अशा प्रश्नावर ‘हँग्ड मॅन’ निघाला आणि रीडरने “सहन करा, यातून ज्ञान मिळेल” असं सांगितलं, तर ते रीडिंग चुकीचं आहे आणि धोक्याचंही. ज्याने टांगून घ्यायचं निवडलेलंच नाही, त्याला या पत्त्याचा शांत अर्थ लागू होत नाही. अशा वेळी पत्ते बाजूला ठेवा आणि महिला हेल्पलाइन 181 सांगा. आजारपण आणि कोर्टकचेरीतही हाच नियम: थांबा असं सांगून कोणाची तपासणी किंवा तारीख लांबवायची नाही.

वही

सरावासाठी हा एकच पत्ता डेकमधून काढून आठवडाभर समोर ठेवा. रोज एक खरा प्रश्न लिहा, त्याला एक जागा द्या आणि दोनच वाक्यांत अर्थ मांडा. प्रत्यक्ष रीडिंगनंतर तारीख, प्रश्न, जागा, सुलट की उलट, शेजारचे पत्ते आणि आपण बोललेलं नेमकं वाक्य नोंदवा. शेवटी एक रकाना कोरा ठेवा, ‘निवड कोणाची’ असं डोक्यावर लिहून. तो 3 महिन्यांनी, प्रत्यक्षात काय घडलं ते विचारून भरायचा.