आधी बातमीचं क्रियापद वाचा

वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी अनेक वर्षं मथळे दिले. जिल्हा आवृत्तीचं पान रात्री लावताना दोन कॉलमांत पाच-सहा शब्द बसवायचे असतात. जागा कमी पडली की 'कथित', 'प्राथमिक माहितीनुसार', 'अद्याप निर्णय नाही' हे शब्द सगळ्यात आधी गळतात. मजकुरात ते असतात, पण तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात. आता त्या मथळ्याचा फोटो मोबाइलवर फिरतो, मजकूर मागेच राहतो आणि संध्याकाळपर्यंत घराघरांत मतं तयार होतात. म्हणून भाचरांना आणि सोसायटीतल्या मैत्रिणींना मी वाचायची एक पद्धत दाखवते.

हातात पेन्सिल घ्या आणि बातमीतलं क्रियापद अधोरेखित करा. मोबाइलवर वाचत असाल तर ते मोठ्याने म्हणा. गुन्ह्याच्या बातमीत तर हे टाळूच नका. तक्रार दिली, गुन्हा दाखल झाला, ताब्यात घेतलं, अटक झाली, आरोपपत्र दाखल झालं, दोषी ठरवलं, शिक्षा सुनावली. यातल्या दोन पायऱ्यांमध्ये कधी महिने जातात, कधी वर्षं. गुन्हा दाखल झाला म्हणजे पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली, एवढंच. आरोपपत्र हे तपासानंतरचं पोलिसांचं म्हणणं असतं, त्यावर निकाल न्यायालय देतं. जामीन मिळाला की कट्ट्यावर 'सुटला' म्हणतात, पण खटला तसाच उभा असतो. 'न्यायालयाने फटकारलं' अशी बातमी आली तर बघा, तो सुनावणीतला तोंडी शेरा आहे की लेखी आदेश. माणसाची अब्रू या फरकावर टांगलेली असते, म्हणून मी इथे हट्ट धरते.

सरकारी बातमीची शिडीही अशीच लांब आहे. प्रस्ताव विचाराधीन, मंत्रिमंडळाची मंजुरी, विधेयक मांडलं, सभागृहांत मंजूर, राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची संमती, मग अधिसूचना. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने लोकसभा आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती मंजूर केली. मथळे वाचून अनेकींना वाटलं, पुढच्याच निवडणुकीत हे दिसणार. पण त्याच कायद्यात लिहिलं होतं की आधी जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होतील, मग मतदारसंघांची पुनर्रचना होईल आणि त्यानंतर आरक्षण लागू होईल. २०२४ ची लोकसभा निवडणूक त्याविनाच झाली. ही अट ठाऊक असलेल्या बाईला तेव्हाच खरा प्रश्न विचारता येत होता: मग जनगणना कधी?

शिक्षिका, अंगणवाडी सेविका, निवृत्त कर्मचारी यांच्या ग्रुपवर जीआरचे, म्हणजे शासन निर्णयांचे, फोटो सतत येतात. तिथे पहिलं पान सोडा आणि शेवटचं मागा. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयात शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो लांबलचक आकडा संकेतस्थळावर टाकला की मूळ कागद उघडतो. आकडा नसेल किंवा शोधूनही काही निघत नसेल, तर त्या फोटोवर विसंबून रजेचा किंवा फरकाचा हिशोब मांडू नका. कागद उघडल्यावर तारीख आणि 'प्रस्तावना' वाचा. निर्णय नेमका कोणाला लागू आहे, ते अनेकदा तिथेच कळतं.

व्हिडिओचं काम जास्त जोखमीचं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. ती माणसं भिक्षा मागायला आली होती. त्या वर्षी देशभर फिरलेला मूल पळवण्याचा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीपटातला होता. मूळ फितीत मोटारसायकलवरचे लोक मुलाला परत आणून सोडतात. तेवढा शेवट कापून बाकीचा पुढे पाठवला गेला. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटपर्यंतच फॉरवर्ड करण्याची मर्यादा घालायला सुरुवात केली. एप्रिल २०२० पासून, वर दुहेरी बाणाची खूण असलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. दुहेरी बाण म्हणजे तो मेसेज किमान पाच हातांतून आलाय. तो दिसला की अंगठा थांबवा. व्हिडिओ मध्येच थांबवून दुकानांच्या पाट्यांची भाषा आणि गाड्यांच्या नंबरप्लेट बघा. स्क्रीनशॉट गूगल लेन्सवर टाका. जुना, परमुलखातला व्हिडिओ असेल तर बऱ्याचदा इथेच उघडा पडतो.

लक्ष लागत नाही, ही तक्रार मी रोज ऐकते. यावर माझं म्हणणं थोडक्यात असं: ग्रुप कायमचे म्यूट करा, वाचताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दिवसाला एकच मोठा लेख निवडा. एवढं पुरेसं आहे.

आता मत. लेख संपला की तो आपल्या भाषेत दोन वाक्यांत सांगून बघा. ती अशी हवीत की लेखकाने ऐकली तर 'हो, मी हेच म्हणालो' म्हणावं. हे जमेपर्यंत पसंती-नापसंती बोलू नका. मैत्रिणींसोबतच्या माझ्या शनिवारच्या वाचनात एकीने बोलायला सुरुवात केली की बाकीच्या विचारतात, 'हे त्यात लिहिलंय की तुला वाटतंय?' पहिल्यांदा राग येतो. पुढे तीच बाई बोलताना आपणहून म्हणते, 'हे माझं हं.' आणि 'मी अजून वाचलं नाही' हे उत्तर कोणत्याही वयात, कोणत्याही बैठकीत बेधडक द्या. प्रत्येक विषयावर तुमचं मत असलंच पाहिजे, अशी कोणाचीही सक्ती नाही.

राहिला घरचा ग्रुप. चूक दिसली तरी चारचौघांत उत्तर देऊ नका, थोरांना ते लागतं. वेगळा मेसेज करा: 'काका, तुम्ही पाठवलेलं वाचलं. फोटो जुना वाटतोय, मूळ बातमी सोबत देते. तुम्ही एकदा बघाल का?' काकांनी स्वतःच ग्रुपवरून मेसेज काढला तर त्याची वाच्यता करू नका. नाही काढला आणि त्यात कोणाच्या जिवाला, जातीला किंवा धर्माला धोका असेल, तर मात्र ग्रुपवर मूळ बातमी टाका. खाली एकच ओळ लिहा: 'ही पूर्ण बातमी.' पुढे वाद वाढला तर फोन उचला आणि काकांशी बोला. आवाज ऐकला की माणूस लिहिण्यापेक्षा लवकर निवळतो, आणि पुढचा मेसेज पाठवण्याआधी काका तुम्हालाच विचारतात, 'अगं, हे खरं आहे का बघ जरा.'