फिल्टर कॉफी तुंबते तेव्हा

रविवारी पहाटे कॉफीचा फिल्टर (एकावर एक बसणारे दोन डबे, वरच्याच्या तळाला बारीक भोकं) लावायचा, सायकल काढायची आणि खडकवासल्याहून परत येईपर्यंत खालच्या डब्यात दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, तयार, असा माझा ठरलेला बेत. पण मध्यंतरी घरी येऊन पाहावं तर खाली जेमतेम चमचाभर, वर पाणी तसंच तुंबलेलं. पाय भरून आलेले असताना हे फार डोक्यात जातं.

वरचा डबा रिकामा करून उजेडाकडे धरला. निम्मी भोकं काळ्या, तेलकट थराने बुजलेली. साबणाने हा थर हटत नाही. सांडशीत धरून डब्याचा तळ गॅसवर तापवला, थर जळून गेला, गार झाल्यावर ब्रशने घासला. (फिल्टर स्टीलचा असेल तरच हा उद्योग करा.)

मग पावडर. कॉफीत मिसळलेली चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) पाणी धरून ठेवते, त्यामुळे ती जास्त असली की झिरपणं मंदावतं. कॉफी-चिकोरी ७०:३० ऐवजी ८०:२० आणली, दळण किंचित जाडसर. पावडरीवर ठेवायची चकती नुसती टेकवायची, जोर लावून दाबायची नाही.

तरीही अडलंच तर हवा बघा. दोन्ही डबे घट्ट बसले की खालच्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. वरचा डबा जरासा फिरवून सैल केला की थेंब सुरू. खरं तर फुकटातला उपाय हाच, आधी हाच करावा.

आणि गार झालेलं डिकॉक्शन पुन्हा उकळू नका, कडवट होतं. दूधच कडकडीत तापवून ओता.