‘काळजी घेतली जाईल’ म्हणजे घेणार कोण? ॲलर्जीवाल्या मुलासाठी अमेरिकन शाळेत ५०४ प्लॅन करून घेताना

आमच्या घरात दाण्याचं कूट नाही. खिचडी कुटाशिवाय, काकडीची कोशिंबीर कुटाशिवाय, भरली वांगी नुसत्या खोबऱ्यावर. धाकटा दीड वर्षाचा असताना सासूबाईंनी कौतुकानं त्याच्या जिभेला दाण्याची चटणी लावली आणि दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली, आवाज घोगरा झाला. पुढच्या तपासण्यांत शेंगदाण्याबरोबर काजू-पिस्तेही निघाले. आता तो चौथीत आहे, न्यू जर्सीतल्या सरकारी शाळेत. दर वसंतात ओळखीपाळखीतली एखादी आई फोन करते, ‘अगं, तुम्ही ते फाइव्ह-ओ-फोर कसं केलंत?’ ५०४ प्लॅन म्हणजे अशा मुलाला शाळेत कोणत्या सोयी द्यायच्या याचा लेखी आराखडा. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आम्ही पहिल्या वर्षी केलंच नव्हतं. बालवाडीची नर्स फार गोड बाई होती. ‘काळजी करू नका, आम्ही सगळं बघतो,’ म्हणाली, आणि ती बघतही होती. ऑक्टोबरात वर्ग भोपळ्यांच्या शेतावर सहलीला गेला. त्या दिवशी ती रजेवर होती. पेनं (म्हणजे जोराची ॲलर्जी आली की टोचायची एपिनेफ्रिनची तयार इंजेक्शनं) तिच्या कपाटात राहिली, कपाटाला कुलूप, आणि माझा मुलगा चाळीस मिनिटांच्या अंतरावर. झालं काहीच नाही. तो हसत परत आला, मांडीवर एवढासा भोपळा. मी मात्र त्या रात्री झोपले नाही. चूक कुणाची म्हणणार? ‘पेन सहलीला कोण नेणार’ हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

५०४ म्हणजे १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टचं कलम ५०४. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शाळेला अपंगत्वामुळे मुलाला मागे ठेवता येत नाही, इतर मुलांबरोबर वावरण्यासाठी लागतील त्या सोयी द्याव्या लागतात. (खाजगी शाळा असा पैसा घेत नसेल तर गणित वेगळं, त्यात इथे शिरत नाही.) ‘अपंगत्व’ या शब्दावर आमच्या घरी दोन आठवडे अबोला होता. नवऱ्याचं म्हणणं, ‘धडधाकट पोराला डिसॅबिलिटीचा शिक्का कशाला?’ मी त्याला एवढंच विचारलं की श्वास बंद पडणं याला तू काय म्हणशील. हा शब्द मुलाचं वर्णन करायला नाही, कायद्याचं दार उघडायला आहे. दार उघडलं की शब्द बाहेर ठेवून आत जायचं.

सुरुवात ॲलर्जीच्या डॉक्टरांपासून करा, एप्रिलमध्येच. जूनअखेर शाळा बंद होतात आणि उन्हाळ्यात शाळेतली मंडळी सापडत नाहीत. डॉक्टरांकडून तीन कागद हवेत: इमर्जन्सीत काय करायचं त्याचा सहीचा प्लॅन, शाळेत औषध ठेवायची परवानगी, आणि एक पत्र. पत्रावर जोर द्या. ‘मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे’ एवढ्यानं भागत नाही. प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते, ती आली की श्वास घेणं आणि खाणं या मूलभूत क्रिया बिघडतात, आणि म्हणून अमुक सोयी लागतात, असं त्यात आलं पाहिजे. मूल शाळेच्या कॅफेटेरियातलं जेवत असेल तर बदललेल्या जेवणासाठी डॉक्टरांच्या सहीचा वेगळा फॉर्म भरतात. त्या बदलाचे जादा पैसे शाळेनं लावायचे नसतात.

मग ईमेल. फोन नको, गेटवरच्या गप्पा तर नकोतच. पंधरा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे ५०४ सांभाळणारी एक ठरलेली व्यक्ती असावीच लागते. ऑफिसमधून तिचं नाव घ्या आणि चार ओळी लिहा: माझ्या मुलाला जिवावर बेतणारी अन्नाची ॲलर्जी आहे, कलम ५०४ खाली त्याचं मूल्यमापन करावं ही विनंती, सोबत डॉक्टरांचं पत्र, मीटिंगची तारीख कळवावी. बस. जास्त भावना ओतू नका. इंग्रजीची भीती वाटत असेल तर मीटिंगला दुभाषी मागा, तो शाळेनं फुकट द्यायचा असतो.

उत्तरात बहुधा दोनपैकी एक वाक्य येतं. पहिलं: ‘तो अभ्यासात छान आहे, त्याला ५०४ लागणार नाही.’ यावर उत्तर २००८ च्या कायदादुरुस्तीत आहे. आजार अधूनमधूनच उफाळणारा असला, तरी तो उफाळल्यावर काय करतो ते बघायचं, आणि औषधानं मिळणारा आराम हिशेबात धरायचा नाही. मार्क कितीही असोत, मुलाला जेवावं आणि श्वास घ्यावाच लागतो. दुसरं वाक्य जास्त फसवं: ‘नर्सचा हेल्थ प्लॅन आहे ना, तोच पुरे.’ हा विमा नव्हे, मुलाची तब्येत शाळेत कशी सांभाळायची याचा नर्सनं केलेला आराखडा. तो हवाच, पण त्याच्या भरवशावर ५०४ सोडू नका. ५०४ मध्ये आईवडिलांना नोटीस मिळते, कागद बघायला मिळतात, न पटल्यास तटस्थ सुनावणी मागता येते. नर्सचा प्लॅन ५०४ ला जोडून घ्या. नकार आलाच तर तोही कारणासकट लेखी मागा. सहसा तो कागदावर उतरवायची वेळ आली की सूर मऊ होतो. नाहीच झाला, तर घटनेपासून १८० दिवसांच्या आत केंद्रीय शिक्षण खात्याच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सकडे तक्रार करता येते. आमच्यावर ती वेळ आली नाही.

आता मीटिंग. माझी आई मराठीची शिक्षिका होती, त्यामुळे कर्तरी आणि कर्मणी प्रयोग आमच्या घरात जेवताना चालायचे. शाळेनं आणलेला मसुदा वाचला आणि मला आईच आठवली. अख्खा मसुदा कर्मणी! ‘औषध उपलब्ध केलं जाईल.’ ‘टेबल पुसलं जाईल.’ ‘पालकांना कळवलं जाईल.’ कर्ता कुठेच नाही. मी पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीपुढे ‘कोण?’ लिहीत गेले. समोरच्या बाई आधी हसल्या, मग वही काढून बसल्या.

पेनाचं कलम अखेर असं झालं: दोन एपिनेफ्रिन पेनांची केशरी पिशवी वर्गशिक्षिकेजवळ राहील, मुलगा जिम, संगीत, मैदान किंवा सहलीला गेला की त्या तासाची मोठी व्यक्ती ती पिशवी अंगावर घेईल, परतल्यावर हातातून हातात देईल. पिशवी केशरी का? काळी हरवते. न्यू जर्सीत नर्स इतर कर्मचाऱ्यांना पेन द्यायला शिकवू शकते, त्यांना ‘डेलिगेट’ म्हणतात. त्यांची यादी मागा, आणि सहलीला त्यातलं एक जण असेलच, हे लिहून घ्या. ‘आई सहलीला आली तरच मूल येईल’ अशी अट शाळेला घालता येत नाही. आपण हौसेनं गेलो तर गोष्ट वेगळी.

औषधाचा क्रमही लिहा, कारण घाबरलेला माणूस आधी आईला फोन करतो. लक्षणं दिसली की आधी पेन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मग ९११ या इमर्जन्सी नंबरला फोन, मग आम्हाला. मुलाला आडवं ठेवायचं, चालवत नर्सकडे न्यायचं नाही. बेनाड्रिल (ॲलर्जीवरचं साधं औषध) पाजून वाट बघत बसायचं नाही.

बाकीच्या कलमांत मला ही महत्त्वाची वाटतात. जेवणाआधी आणि नंतर सगळ्या वर्गानं साबणानं हात धुवायचे. सॅनिटायझरनं जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रोटीन हातावर तसंच राहतं. वर्गात खाऊच्या वस्तूंनी मोजणी किंवा हस्तकला नाही (आमच्याकडे पाइनच्या शंकूला पीनट बटर फासून पक्ष्यांसाठी खाऊ करायचं ठरलं होतं!). वाढदिवसाला पेन्सिली, स्टिकर चालतील, कपकेक नको. बसमध्ये कुणीच खायचं नाही, आणि ड्रायव्हरला इमर्जन्सीचा कागद माहीत हवा. बदली शिक्षकाच्या फोल्डरमध्ये पहिलंच पान याचं. जेवणाच्या टेबलावर मात्र मी हट्ट धरला. शाळेनं ‘सुरक्षित टेबल’ देऊ केलं, म्हणजे कोपऱ्यात एकटा तो. मी म्हटलं, टेबल ठेवा, पण डब्यात शेंगदाणे-काजू नसलेले मित्र तिथे बसतील, आणि त्यांना कोण बोलावणार तेही लिहा. ॲलर्जीवरून कुणी चिडवलं तर तो दादागिरीचा प्रकार धरायचा, हेही घातलं.

सही लगेच करू नका, मसुदा घरी आणा. नंतर दर वर्षी ऑगस्टअखेर मी तपासते: डॉक्टरांचे कागद नवे आहेत का, पेनांची मुदत जूनपर्यंत पुरते का, वजन किती. साधारण १५ ते ३० किलोला ०.१५ मिलिग्रॅमचं पेन, त्यापुढे ०.३ चं, बदल कधी करायचा ते डॉक्टर सांगतात. यंदा त्याचा डोस बदलला आणि शाळेतला जुना सेट मी स्वतः जाऊन उचलला.

रविवारच्या मराठी शाळेत हा प्लॅन लागू होत नाही, तिथे मी दिवाळीआधी प्रत्येक आईला स्वतः फोन करते. चिवडा आणि काजूकतली, दुसरं काय. एकदोघी कुरकुरल्या. चालायचंच.

मुदत संपलेली पेनं फेकू नका. सप्टेंबरात ती आणि संत्र्यांची जाळी घेऊन मी शाळेत जाते, नर्सच्या प्रशिक्षणाच्या दिवशी. जिमचे सर सहा फूट उंच, पहिल्यांदा संत्र्यात सुई खुपसताना त्यांचा हात थरथरत होता. ‘तीन सेकंद दाबून धरा,’ नर्स म्हणाली. त्यांनी मोठ्यानं मोजलं, संत्रं टेबलावर ठेवलं आणि दुसरं मागितलं.