चाळिशीनंतर इन्सुलिन सुरू करताना

चाळिशी ओलांडल्यावर निदान झाले म्हणजे मधुमेह दुसऱ्या प्रकारचाच, असे गृहीत धरू नये. प्रौढ वयातही शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट करू शकते. अशा रुग्णाला गोळ्यांचा काही काळ उपयोग होतो आणि मग साखर आवरेनाशी होते. अंगयष्टी सडपातळ असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर जीएडी अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड या रक्ततपासण्यांविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

इन्सुलिन लिहून दिल्यास प्रथम सिरिंज तपासावी. आपल्याकडील कुपीत बहुधा प्रति मिलिलीटर ४० युनिट असतात आणि तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० युनिटच्या कुपीसाठी नारिंगी टोपणाची. यांची अदलाबदल झाल्यास मात्रा अडीचपट चुकते, आणि दुकानातल्या घाईत ती सहज होते.

नागपुरात खरी परीक्षा मे महिन्यात, पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी, परंतु बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वीज गेल्यास ती पिशवीत घट्ट बांधून पाण्याच्या मडक्यात ठेवता येते. सीताबर्डीला जाताना ती स्कूटरच्या डिक्कीत मात्र ठेवू नये.

घाम, थरथर जाणवून साखर ७० च्या खाली आढळल्यास तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. संत्र्याचा रसही चालतो. संत्रे सोलत बसण्याची मात्र ती वेळ नव्हे.