वाळवंटात रॉकेट उडवायला जाताय? पॅराशूट मुंबईतच पक्कं करून घ्या

छंदासाठी उडवायच्या मोठ्या, म्हणजे हाय-पॉवर रॉकेटची मोटर मुंबईत पेटवायचा प्रश्नच येत नाही. वर विमानांची वर्दळ, खाली माणसंच माणसं. म्हणून आमच्या ग्रुपमधली मुलं कॅलिफोर्नियात शिकायला गेली, की वीकेंडला लुसर्नच्या वाळवंटातल्या कोरड्या तळ्यावर पहिलं ‘लेव्हल वन’ (हाय-पॉवर सर्टिफिकेटची पहिली पायरी) उडवतात. निघण्यापूर्वी मी प्रत्येकाला हेच सांगते: वर न्यायचं काम मोटरचं, धड खाली आणायचं काम तुमच्या हातांचं. सर्टिफिकेटही रॉकेट धड उतरलं तरच मिळतं.

मोटरचं थोडक्यात. लेव्हल वनला एच किंवा आय गटाची लागते. एच म्हणजे एकूण रेटा (जोर गुणिले जळण्याचा वेळ) १६० ते ३२० न्यूटन-सेकंद. एच१२८ मधला १२८ हा सरासरी जोर, न्यूटनमध्ये. हा जोर रॉकेटच्या वजनाच्या पाचपट तरी हवा. दीड किलोच्या रॉकेटला एच१२८ सहज पुरते. मोटर आणि इग्नायटर (मोटर पेटवणारी तार) विमानातून नेता येत नाहीत, तिथल्या विक्रेत्याकडे आधीच सांगून ठेवा.

आता पॅराशूट. दीड किलोला साधारण १२० सेंटीमीटर व्यासाचं घ्या, म्हणजे रॉकेट सेकंदाला साडेपाच-सहा मीटरने उतरतं. कापड रिपस्टॉप नायलॉनचं. शिवून झालं की संध्याकाळी चौपाटीवर जा, दोऱ्या एका मुठीत धरा आणि वाऱ्यात सोडा. एखादी दोरी आखूड असेल तर छत्री एका बाजूला कलते, लगेच दिसतं.

घडी घालताना सगळ्या पाकळ्या एकावर एक सपाट करा, मग उभी घडी, मग आडवी. दोऱ्या नागमोडी घडीने आत ठेवा. बाहेरून करकचून गुंडाळल्या तर ते उघडणारच नाही. वर नोमेक्सचं (आगीला दाद न देणारं) कापड विड्यासारखं दुमडा, बंद बाजू मोटरकडे, कारण इजेक्शनचा (पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या छोट्या स्फोटाचा) गरम वायू तिथूनच येतो. ट्यूब उलटी धरली की पुडकं आपसूक घसरलं पाहिजे. ओढावं लागलं तर घडी सोडून पुन्हा घाला. हे डोळे मिटून जमेपर्यंत करा, तिथे वाऱ्यात, धुळीत हात थरथरतात. शॉक कॉर्ड (नाक आणि धड जोडून ठेवणारी दोरी) रॉकेटच्या लांबीच्या तिप्पट तरी असू द्या.

मुंबईकरांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवायची. पावसाळ्यात इथे पुठ्ठ्याची ट्यूब दमटपणाने फुगते, नोज कोन (रॉकेटचं नाक) घट्ट बसतो. म्हणून त्याचा खांदा (ट्यूबच्या आत बसणारा भाग) घासू नका! वाळवंटाच्या कोरड्या हवेत तोच सैल होतो. मास्किंग टेप सोबत न्या, खांद्याला गुंडाळा आणि जागेवर बसवा: नोज कोन धरून रॉकेट उचललं तर सुटू नये, हलका झटका दिला की सुटावं.

ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर दाबकेंद्र (हवेचा दाब जिथे एकवटतो ती जागा) काढून देतं. त्या जागी ट्यूबवर ठळक ठिपका काढा. मोटर आणि पॅराशूट भरून रॉकेट बोटावर तोला. तोल ठिपक्याच्या पुढे, नाकाच्या बाजूला, निदान ट्यूबच्या एका व्यासाइतका, आला पाहिजे. कमी पडला तर नाकात वजन घाला. सुरक्षा अधिकारी हे विचारतोच. इजेक्शनला किती सेकंद उशीर हवा तेही त्याच सॉफ्टवेअरमधून काढा.

इग्नायटर रेलवर (उड्डाणाच्या उभ्या पट्टीवर) रॉकेट चढवल्यावरच घाला, मोटरच्या आत अगदी वरच्या टोकापर्यंत. बटण दाबूनही पेटलं नाही तर लॉन्चरची किल्ली काढून एक मिनिट कोणीही जवळ जायचं नाही. वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेला तर उड्डाणच नाही, कितीही लांबून आलेले असा.

उतरल्यावर रेंज (उड्डाणाचं मैदान) उघडल्याचं सांगेपर्यंत थांबा. मग रॉकेट जसंच्या तसं उचलून सर्टिफिकेट देणाऱ्याकडे न्या, तिथेच सोडवत बसू नका. मोटरची केसिंग (बाहेरची नळी) जागेवर आहे, फिन (शेपटीचे पंख) हलत नाहीत, दुरुस्ती न करता हे पुन्हा उडू शकतं, एवढं पटलं की तो सही करतो.